कॅन्सर पापाने होत नाही, नक्कल चुकल्याने होतो

परवा मावशीच्या दहाव्याला गेलो होतो. तोंडाच्या कॅन्सरने गेली. कावळा शिवायची वाट बघत सगळे उभे होते, तेवढ्यात मागून एक काका म्हणाले, "मागच्या जन्मीचं काहीतरी असणार हो." चार जणांनी माना डोलावल्या. तिथे मी गप्प बसलो. इथे बसणार नाही.

मावशी चाळीस वर्षं मिश्री लावायची. गालात पांढरा चट्टा आला, तर वर्षभर कुणाला बोलली नाही. का? तर लोक म्हणतील, हिने काय पाप केलं होतं!

आता नीट ऐका. जखम भरायला, झिजलेली कातडी बदलायला पेशींना विभागावंच लागतं. तोंडाच्या आतलं अस्तर तर सतत नवं होत असतं. प्रत्येक विभाजनाआधी पेशी आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल काढते. सुमारे सहा अब्ज अक्षरं! नक्कल काढणारं एन्झाइम लाखभर अक्षरांत एखादी चूक करतं आणि बहुतेक चुका स्वतःच खोडून दुरुस्त करतं. मागून दुसरी प्रथिनं पुन्हा तपासणी करतात. शेवटी अब्जभर अक्षरांत एखादीच चूक उरते. डीएनएची दुरुस्ती कशी चालते हे उलगडलं म्हणून २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल लिंडाल, मॉड्रिच आणि सँकार यांना मिळालं. आपल्याकडे सातबाऱ्याची नक्कल तरी इतकी चोख मिळते का?

तंबाखूतली रसायनं याच अक्षरांना चिकटतात. मग नक्कल चुकते. चुका साठत जातात. "थांब, आधी दुरुस्ती कर" असं पेशीला सांगणारं पी-५३ नावाचं जनुकच बिघडलं, की पेशीला लगाम राहत नाही. ती विभागतच सुटते. हा कॅन्सर. ज्यांनी आयुष्यात सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नाही, त्यांनाही तो होतो, कारण काही चुका आपोआप होतात. त्यातही पाप कुठेच नाही.

पाप शोधायचंच आहे ना? मग टपरीवर शोधा. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे. कुठल्याही नाक्यावर जा आणि मागून बघा, मिळतो की नाही. मिश्री तर घरातच तव्यावर भाजतात, "दात घट्ट राहतात" म्हणून सासू सुनेला देते. मावशीलाही अशीच मिळाली. तिला कुणी सांगितलं नाही, आणि आता तिच्याच कर्माचा हिशोब मांडताय?

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही दोन-तीन आठवडे टिकलं तर डॉक्टरांना दाखवा. लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप जास्त असते. लाजेपायी गेलेलं एक वर्ष परत मिळत नाही.

कर्मसिद्धांतवाल्यांनो, कमेंटमध्ये जरूर या. पण आधी घरी आईच्या, आजीच्या तोंडात टॉर्च मारून बघा. मग बोलू.