मुलांना किडे मोजू द्या

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती आंबेगाव, घोडेगाव
आणि मा. बालविकास प्रकल्प अधिकारी, आंबेगाव

विषय : अंगणवाडी ते तिसरीच्या मुलांना किड्यांच्या निरीक्षणातून संख्याज्ञान व विज्ञान शिकवण्याबाबत.

महोदय,

कांद्याच्या एका रोपावर सरासरी ३० फुलकिडे दिसेपर्यंत फवारणीची घाई करू नये, असे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे फवारायचे की थांबायचे, हे मोजून ठरवायचे असते. आमच्या लोणी-धामणीच्या कमी पावसाच्या पट्ट्यात औषधावर जाणारा प्रत्येक रुपया जड असतो. तरीही बांधावर मोजणी क्वचितच होते. शेजारच्या रानात पंप फिरला की आपलाही फिरतो. मोजण्याची ही सवय लहानपणीच लागावी, म्हणून हे पत्र.

जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि संख्याज्ञान यावे, हे आहे. त्यासाठी लागणारे साहित्य शाळेच्या कुंपणापाशीच आहे. मुंगीला सहा पाय, दोन मुंग्यांना बारा, तीन मुंग्यांना अठरा : सहाचा पाढा मुले स्वतः मोजून मांडतील. कोळ्याला आठ पाय निघाले की ‘मग हा कीटक नाही का?’ हा प्रश्न त्यांच्याच तोंडून येईल. तिथे वर्गीकरण सुरू होते.

मावा पडलेल्या फांदीवर ढालकिड्याची अळी दिसली, तर सकाळी आणि दुपारी मावा मोजावा. कमी झालेले किडे हीच वजाबाकी. शिवाय शेतातला कोणता किडा आपल्या बाजूचा, हेही मुलांना कळते. कढीपत्त्यावरची फुलपाखराची अळी रोज दोऱ्याने मापली, तर तिचा कोष होईपर्यंत वाढीचा तक्ता तयार होतो. मक्यावरच्या लष्करी अळीच्या शेपटाकडे चौकोनात चार ठिपके असतात. ही खूण पटलेले दुसरीचे मूल घरच्यांना अळी ओळखून दाखवू शकेल.

हे महाराष्ट्राला नवे नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी भोवतालच्या वस्तू हाताशी घेतल्या आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. अंगणवाडीची पाळेमुळे त्या कामात आहेत.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. आठवड्यातून एक तास निरीक्षणासाठी वेळापत्रकात ठेवावा. त्या वेळी मुले वर्गाबाहेर दिसली म्हणून शिक्षकांना जाब विचारला जाऊ नये. मुलांच्या वहीतील चित्रे आणि आकडे हाच अभ्यासाचा पुरावा मानावा.

२. प्रत्येक शाळेला आणि अंगणवाडीला काही भिंगे द्यावीत. आवारात लिंबू, कढीपत्ता, झेंडू लावावेत आणि त्यांवर औषध मारू नये.

३. शिक्षक आणि अंगणवाडी सेविकांना नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांकडून मित्रकीटक आणि शत्रुकीटक ओळखण्याचे प्रशिक्षण मिळावे.

४. बिबट्याचा वावर लक्षात घेऊन निरीक्षण शाळेच्या आवारातच व्हावे. फवारलेल्या रानात मुलांना नेऊ नये. गांधीलमाशी, विंचू, गोम यांना हात न लावण्याचा धडा पहिल्याच दिवशी द्यावा. पाहून झालेला किडा जिथला तिथे सोडावा.

जूनमध्ये शाळा उघडते तेव्हाच पावसाबरोबर किडे सर्वत्र निघतात. तेव्हा येत्या जूनपासून तालुक्यातील निदान काही शाळांत हा तास सुरू करावा आणि वर्षअखेरीस मुलांच्या वह्या आपण स्वतः तपासाव्यात. आमची मुले उद्या शेती करोत वा आणखी काही. आधी नीट पाहावे, मोजावे आणि मग ठरवावे, ही शिस्त त्यांना जन्मभर उपयोगी पडेल. ती लावून देण्याचा अधिकार आज आपल्या हातात आहे.

आपला,
लोणी येथील एक शेतकरी पालक