दुखत नाही म्हणजे बरं झालं?

मित्रहो, ऑगस्टमधल्या आंतरशाखीय कबड्डीत तुम्ही मला खांद्यावर घालून हॉस्टेलपर्यंत आणलंत, त्याबद्दल आधी आभार. चढाईवरून परत वळताना डावा पाय चिखलात रुतला, अंग फिरलं आणि गुडघ्यात 'टक्' असा आवाज आला. पुढचे पंधरा दिवस अख्ख्या मजल्यानं डॉक्टरकी केली. कुणी बाम चोळला, कुणी बार्शीकडच्या हाडवैद्याचा पत्ता दिला. सूज उतरली, मी चालू लागलो आणि 'मुरगळला होता' असं सर्वानुमते ठरलं. जिना उतरताना दोनदा गुडघा निसटला, तेव्हा कुठं एमआरआय काढला. एसीएल पूर्ण फाटलं होतं.

एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरपं बांधणारं लिगामेंट. नडगी पुढं सरकू नये, गुडघा पिळवटू नये, हे त्याचं काम. हाड जुळतं तसं ते सहसा आपोआप जुळत नाही, आणि नुसतं शिवलेलं फारसं टिकत नाही. म्हणून बहुतेक वेळा नवंच बसवतात. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मांडीमागच्या दोन कंडरा काढून त्यांचा चौपदरी दोर केला आणि दुर्बिणीतून बघत, हाडांत बोगदे पाडून तो आत ओवला.

मेकॅनिकलवाल्यांनो, खरी गंमत पुढं आहे. तरुण माणसाचं मूळ एसीएल सुमारे २१६० न्यूटनला, म्हणजे साधारण २२० किलो वजनाला तुटतं. असा चौपदरी दोर प्रयोगशाळेत त्याच्या दुपटीच्या आसपास ताण सोसतो. मग भीती कसली? तर हा दोर बसवल्यावर त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. शरीर आधी तो आतून मोडतं, मग नव्यानं बांधतं. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो सगळ्यात कमकुवत असतो असं मानतात. आणि नेमकं याच सुमारास दुखणं थांबतं, माणूस लंगडायचा बंद होतो!

मी आज तिथंच उभा आहे. तीन महिने झालेत, गॅदरिंग तोंडावर आहे आणि रोज मेसमध्ये कुणीतरी विचारतंच, "फायनलला उतरतोस ना? आता तर मस्त चालतोस!" वर दाखला सांगलीच्या स्मृती मानधनाचा. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात तिचं एसीएल फाटलं आणि त्याच जूनमध्ये वर्ल्ड कपला तिनं इंग्लंडविरुद्ध ९० आणि वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६ केल्या. दाखला खरा आहे. पण त्या पाच महिन्यांत तिनं वर्ल्ड कपची पात्रता फेरी सोडली, दक्षिण आफ्रिकेतली मालिका सोडली, हे कुणी सांगत नाही. गुडघा सावरणं हेच तेव्हा तिचं काम होतं. आपण मात्र फिजिओथेरपी जर्नल आणि सबमिशनच्या मधल्या वेळात कोंबतो.

नॉर्वेतल्या संशोधकांचा २०१६ चा अभ्यास सांगतो, की खेळात परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवाल, तितकं प्रत्येक महिन्यामागं पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यानं घटतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे : ऑपरेशन हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं पेशंटनं करायचं असतं आणि भोवतालच्यांनी त्याला करू द्यायचं असतं.

यात स्टाफचाही वाटा आहे. ऑपरेशननंतर पहिला महिना मी कुबड्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढत होतो. गुडघा पूर्ण वाकवायला बंदी आणि हॉस्टेलमध्ये एकही कमोड नाही! बाकीचं तुम्हीच समजून घ्या. तळमजल्यावर एक खोली आणि एक कमोड राखून ठेवायला कितीसा खर्च येतो? फिजिओथेरपीच्या तासाची हजेरी देता येणार नाही का? मुलं दरवर्षी पडतात. व्यवस्था मात्र दरवर्षी नव्यानं चकित होते.

आणि मित्रांनो, गुडघ्यात आवाज आला आणि काही तासांतच सूज चढली, तर बाम बाजूला ठेवा आणि सरळ अस्थिरोगतज्ज्ञ गाठा.

यंदा फायनलला मी गुण लिहायला बसणार आहे. त्या वहीला पाय लावायचा नसतो, त्यामुळं जमेल.

– तृतीय वर्ष, यंत्र