हृदयविकार : रोग एक, मरण वेगळे

हृदयविकार हा श्रीमंतांचा रोग, हा समज आता सोडला पाहिजे. देशातील ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांतील सुमारे वीस हजार रुग्णांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तीस दिवसांत गरिबांपैकी ८.२ टक्के, तर श्रीमंतांपैकी ५.५ टक्के रुग्ण दगावले. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह ही रोगाची कारणे आहेतच. परंतु मृत्यूंतील ही तफावत त्यांनी उलगडत नाही. उपचारांतील फरक हिशेबात घेताच मात्र ती नाहीशी झाली! म्हणजे गरिबांचे हे अधिकचे मृत्यू उपचारांच्या अभावाने ओढवले. निम्म्या रुग्णांना तर रुग्णालय गाठण्यासच सहा तास वा अधिक लागले होते. तालुक्याच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात ई. सी. जी. आणि रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन विनामूल्य मिळालेच पाहिजे. ही मागणी आपण गावोगाव नेली पाहिजे.