सूचना पाठवली, पण पोहोचली का?

ईदच्या दुपारी भाचा घरी आला होता. हातात शीरखुर्म्याची वाटी आणि शेजारी ठेवलेला फोन दर दोन मिनिटांनी थरथरत होता. तो बघतही नव्हता. मी म्हटलं, "अरे, कुणाचं तरी काम असेल." तो हसला. "मामू, माणूस नाही, मशीन आहे. दिवसाला तीनशे मेसेज टाकते. बघत बसलो तर काम कधी करू?"

हा मुलगा कोंढव्यात राहतो आणि खराडीतल्या एका कंपनीत रात्रपाळी करतो. परदेशी ग्राहकाच्या शेकडो सर्व्हरची देखभाल हे त्याचं काम. पूर्वी एकेका सर्व्हरवर जाऊन हाताने करावी लागणारी कामं आता ठरल्या वेळी आपोआप होतात. त्यालाच ऑटोमेशन म्हणतात आणि हा सगळा कारभार ज्या पडद्यावरून चालतो तो कन्सोल. एका बाजूला कामांची यादी, वेळापत्रक, झालेल्या कामांची नोंद. वर कोपऱ्यात घंटीचं चिन्ह.

दोन महिन्यांपूर्वी तिथे एक बॅकअप लागोपाठ अकरा रात्री फसला. कन्सोलच्या आतल्या एका पानावर तशी लाल नोंद होती. ईमेलही रोज जात होता, पण नोकरी सोडून गेलेल्या एका माणसाच्या पत्त्यावर. ग्राहकाने जुनी फाइल मागितली तेव्हा प्रकार उघड झाला आणि खुलासा मागितला गेला तो माझ्या भाच्याकडे. प्रश्न एकच होता : "कन्सोलवर दिसत होतं ना, मग तू पाहिलं का नाहीस?"

हा प्रश्न मला अन्यायाचा वाटतो.

ही यंत्रं कशी चालतात ते थोडं समजून घेऊ. आयटीत सर्रास वापरलं जाणारं अॅन्सिबल हे साधन उदाहरण म्हणून घ्या. त्याच्या कन्सोलवर सूचनेचा साचा वेगळा तयार करावा लागतो : ईमेल जाईल की चॅटवर संदेश, आणि कुणाला. पण नुसता साचा करून काही होत नाही. तो कामाला जोडावा लागतो आणि काम सुरू झाल्यावर, यशस्वी झाल्यावर की फसल्यावर सूचना द्यायची, याची बटणं चालू करावी लागतात. एखादं काम मंजुरीसाठी अडवूनही ठेवता येतं. त्याला मुदत घातली असेल आणि तेवढ्यात कुणी मंजुरी दिली नाही, तर ती मंजुरी फसली असं यंत्र धरतं. म्हणजे कुणाला, कशाबद्दल आणि कधी कळवायचं, हे प्रत्येक वेळी कुणीतरी माणूसच ठरवतो. रात्रपाळीतल्या पोराच्या हाती बहुधा हे ठरवणं नसतं. त्याच्या वाट्याला फक्त आलेले संदेश येतात.

चुकीच्या सूचनांची किंमत मोठी असते. 1 ऑगस्ट 2012 रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा प्रोग्राम चढवायचा राहून गेलेला होता. बाजार उघडण्यापूर्वीच यंत्रणेने कर्मचाऱ्यांना 97 ईमेल पाठवले होते आणि त्यांत गडबडीचा उल्लेखही होता. पण ते ईमेल धोक्याचा इशारा म्हणून योजलेलेच नव्हते, म्हणून कुणी दखल घेतली नाही. पुढच्या 45 मिनिटांत कंपनीला 46 कोटी डॉलरहून अधिक फटका बसला.

दुसरं उदाहरण गिटलॅबचं. 31 जानेवारी 2017 रोजी तिथल्या एका इंजिनिअरच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले तर तो कधीपासून होतच नव्हता. तसं कळवणारे ईमेल निघत होते, पण पडताळणीत नापास होऊन परत फिरत होते. नशिबाने सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती लागली. त्या कंपनीने सगळी हकिगत जाहीरपणे लिहिली आणि दोष त्या इंजिनिअरच्या माथी मारला नाही. यंत्रणेत कुठे काय चुकलं ते सांगितलं. आपल्याकडे मात्र आधी खुलासा मागतात.

कुणी म्हणेल, पगार घेतो ना, मग दक्ष राहायलाच हवं. मान्य. पण तीनशेपैकी दोनशे नव्वद संदेश "काम व्यवस्थित झालं" एवढंच सांगत असतील, तर उरलेले दहा नजरेतून सुटणारच. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. तिथे खोटी हाकाटी पोराची होती. इथे हाकाटी यंत्राची आणि छडी मात्र पोराला.

माझं म्हणणं साधं आहे. काही करण्याची गरज असेल तेव्हाच घंटी वाजावी. काय बिघडलं, कशाला धोका आहे आणि आता काय करायचं, हे संदेशातच लिहिलेलं असावं. प्रत्येक संदेशाला एक धनी असावा. तो नोकरी सोडेल त्या दिवशी त्याच्या ओळखपत्राबरोबर हा भारही दुसऱ्याकडे जावा. महिन्यातून एकदा एखादं चाचणीचं काम मुद्दाम फसवून सूचना खरंच पोहोचते का, ते पाहावं. आणि रात्री जागणाऱ्याला नको ते संदेश बंद करण्याचा, चुकीचा पत्ता बदलण्याचा अधिकार द्यावा. जबाबदारी द्यायची आणि अधिकार द्यायचा नाही, ही जुनी खोड यंत्र आल्याने सुटत नाही.

निघताना मी भाच्याला विचारलं, "खुलाशात काय लिहिलंस?"

"यापुढे काळजी घेईन, एवढंच."

"आणि तो ईमेलचा पत्ता? बदलला का?"

"मला बदलता येत नाही, मामू. विनंती टाकलीय. अजून मंजूर व्हायचीय."