म्हाताऱ्याला फ्रेंचमध्ये काय म्हणायचं?

पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकायला बसलेला विद्यार्थी पहिल्याच महिन्यात एक चूक हमखास करतो. 'मी वीस वर्षांचा आहे' हे वाक्य तो इंग्रजीवरून जुळवतो आणि 'असणे' हे क्रियापद वापरून मोकळा होतो. बाई लगेच थांबवतात. फ्रेंच माणूस वीस वर्षांचा नसतो, त्याच्याजवळ वीस वर्षं असतात. घर असावं, पैसे असावेत, तशी वर्षं.

इंग्रजीत मात्र तान्हं बाळसुद्धा दोन महिने 'ओल्ड' असतं. फ्रेंचमधला 'व्हिय' हा शब्द असल्या मोजमापाच्या कामाला येत नाही. तो म्हाताऱ्यासाठी किंवा जुन्यासाठी. त्यामुळे इंग्रजी मजकुरात 'ओल्ड' दिसला, की फ्रेंच अनुवादकाला आधी ठरवावं लागतं: इथे वय सांगितलंय, जुनेपण, की म्हातारपण? 'ओल्ड फ्रेंड'चं 'व्हिएय आमी' केलं तर तो जुना मित्र झाला, मग तो पंचविशीतला का असेना. मित्र वयानेच म्हातारा असेल तर निराळं विशेषण शोधायचं आणि ते नामाच्या मागे नेऊन ठेवायचं.

'टीनएजर' तर हाताला लागतच नाही. इंग्रजीत तेरा ते एकोणीस या आकड्यांच्या शेवटी 'टीन' येतं, म्हणून हा शब्द जन्मला. फ्रेंचमध्ये अकरा ते सोळा एका चालीचे, 'ओंझ'पासून 'सेझ'पर्यंत, आणि सतरापासून एकदम 'दहा-सात', 'दहा-आठ', 'दहा-नऊ'. आकड्यांची साखळीच मध्ये तुटते, मग त्यांतून एक वयोगट कसा निघणार? अनुवादक 'आदोलेसाँ' किंवा त्याचं लाडकं रूप 'आदो' वापरतात. पण एकोणीस वर्षांच्या मुलाला 'आदो' म्हटलं तर फ्रेंच वाचकाला ते खटकतं. फ्रान्समध्ये सज्ञान होण्याचं वय 1974 साली एकविसावरून अठरावर आलं. एकोणिसाव्या वर्षी माणूस मतदार असतो आणि इंग्रजी बातमीत मात्र अजून 'टीनएजर'.

'विशी, तिशी, चाळिशी' म्हणताना मराठी माणूस नकळत फ्रेंच माणसासारखाच वागतो. इंग्रजीत 'इन हिज फॉर्टीज' असे तीन शब्द लागतात. फ्रेंचमध्ये आपल्या चाळिशीसारखा एकच शब्द आहे, 'कारांतेन'. गंमत म्हणजे साथीच्या रोगात माणसाला वेगळं ठेवण्यालाही हाच शब्द, कारण तो काळ मुळात चाळीस दिवसांचा असे. आपली चाळिशी नाकावर चष्मा होऊन बसते, त्यांची माणसाला खोलीत कोंडते!

पण ही गाडी साठीला थांबते. सत्तरीला असा शब्द नाही, कारण फ्रान्समध्ये सत्तर म्हणजे 'साठ-दहा' आणि ऐंशी म्हणजे 'चार-वीस'. (आपल्याकडेही गावची जुनी माणसं 'चार विसा' मोजायची.) बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधले फ्रेंचभाषक सत्तरला सरळ 'सेप्तांत' म्हणतात. पॅरिसच्या अनुवादकाला मात्र सत्तरीतल्या बाईसाठी 'सेप्त्युआजेनेर' हा लॅटिन वळणाचा शब्द काढावा लागतो. बातमीत तो चालून जातो. कादंबरीतली नात आजीबद्दल बोलताना तोच वापरू लागली, तर ती नात न वाटता सरकारी कारकून वाटेल.

'मिडल-एज्ड'चा सापळा जुनाच. शब्दाला शब्द लावला तर 'म्वायेन आज' होतं, म्हणजे मध्ययुग. क्रम उलटला तर सरासरी वय. म्हणून फ्रेंच माणूस सभ्यपणे 'एका विशिष्ट वयाची' व्यक्ती म्हणतो. इथेही शब्दांचा क्रम फिरवला तर 'खात्रीच्या वयाची' व्यक्ती होते, आणि या फिरवाफिरवीवर विनोद करायला फ्रेंच लोक कधी थकत नाहीत.

अशा अडचणींवर चांगला अनुवादक मात करतोच. खरी पंचाईत सुरू होते ती भाषेला लाज वाटू लागते तेव्हा. गेल्या काही दशकांत फ्रेंचमध्ये 'सेन्योर' हा शब्द फोफावला आहे. रेल्वेच्या सवलत-कार्डावर तो आहे, जाहिरातींत आहे, आणि नोकरीच्या बाजारात तर पन्नाशीच्या माणसालाही तोच चिकटतो. रेल्वेच्या कार्डाचं आधीचं नाव होतं 'कार्त व्हेर्मेय', म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदी. मुलामा तिथेही होता, पण निदान त्यात थोडी कल्पकता होती. 'सेन्योर' म्हणजे इंग्रजी 'सीनियर'च. त्याचं मूळ लॅटिन असून त्याच मुळातून फ्रेंचला 'मस्य' हे रोजचं संबोधन मिळालं आहे. घरात शतकानुशतकं नांदणारा शब्द इंग्रजीचं वळण घेऊन पाहुणा म्हणून परत आला, एवढंच.

कधीकधी देवाणघेवाण उलटीही झाली. 1973 साली तुलूझमध्ये 'तिसऱ्या वयाचं विद्यापीठ' निघालं आणि ती कल्पना नावासकट इंग्रजीने उचलली. बेबी-बूमची पिढी निवृत्त होऊ लागली तेव्हा फ्रेंचांनी 'पापी-बूम' असा शब्द पाडला, 'पापी' म्हणजे आजोबा. यात लपवाछपवी नाही, मिश्कीलपणा आहे. 'सेन्योर'मध्ये तोही नाही. कार्डावर तो खुशाल राहू द्यावा, पण इंग्रजी कादंबरीतल्या म्हाताऱ्याला फ्रेंचमध्ये आणताना 'व्हिय' हाच शब्द हवा.

फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हारनं साठी ओलांडल्यावर, 1970 साली, या विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्याला आडपडदा न ठेवता नाव दिलं 'ला व्हिएयेस'. म्हातारपणाबद्दल समाज जे मौन पाळतो ते तिला मोडायचं होतं. सागरी कादंबऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पॅट्रिक ओब्रायन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. ब्रिटनमध्ये तो 'ओल्ड एज' या नावाने निघाला. अमेरिकेत तोच अनुवाद 'द कमिंग ऑफ एज' या नावाने विकला गेला. मराठीत याचा सरळ अर्थ 'वयात येणं'! मूळ नावाला मराठीत 'म्हातारपण' हा शब्द तयार आहे, त्याचं कुणी 'ज्येष्ठत्व' करू नये.