‘हॅव’, ‘हॅज’ आणि अर्जातील एक वाक्य

कामगाराच्या अनुभवाच्या दाखल्यात दोनपैकी एक वाक्य असते. एक, ‘ही वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. दुसरे, ‘ही हॅज वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. वाचक बंधू-भगिनींनो, फरक फक्त ‘हॅज’ या एका शब्दाचा आहे. पण पहिल्या वाक्यातला माणूस पाच वर्षे काम करून निघून गेला आहे आणि दुसऱ्या वाक्यातला माणूस आजही कामावर आहे. आमच्या माहितीतील एका कंत्राटी कामगाराला असाच पहिल्या प्रकारचा दाखला मिळाला. दाखला लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते, ‘हॅज’ गळाला एवढेच. कर्जासाठी गेला तेव्हा टेबलावरच्या साहेबांनी विचारले, “मग आता कुठे नोकरी करता?” बिचाऱ्याला प्रश्नच कळेना. दाखला बदलून आणण्यात दोन दिवसांची मजुरी गेली.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. असे कागद रोज हाताखालून जातात, म्हणून यावेळी हा विषय घेतला. व्याकरणात याला पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात. शाळेत मुले त्याला ‘प्रेझेंट परफेक्ट’ म्हणून ओळखतात.

वेल्ह्याहून केळदकडे जाताना पासली गाव लागते. डोंगराळ मुलूख, मुसळधार पाऊस, भाताची खाचरे आणि घरटी कोणीतरी पुण्या-मुंबईला कामाला. सुट्टीत तिथल्या नववी-दहावीच्या मुलामुलींना घेऊन आम्ही काही दिवस इंग्रजीला बसलो होतो. ‘हॅव किंवा हॅज अधिक क्रियापदाचे तिसरे रूप’ हे सूत्र सर्वांना पाढ्यासारखे पाठ. गो-वेंट-गॉन, डू-डिड-डन, ईट-एट-ईटन, सगळे तालासुरात. एका मुलाला विचारले, “पुण्याला कधी गेला आहेस का?” तो ताडकन उभा राहून म्हणाला, “यस सर, आय हॅव गॉन टू पुणे!” तिसरे रूप अगदी बरोबर. पण ‘गॉन’ म्हणजे गेला तो अजून तिकडेच आहे. आम्ही म्हटले, “तू पुण्याला आहेस, मग आमच्यासमोर हा कोण उभा आहे?” सगळी पोरे हसली, तोही हसला.

इथे मराठीच मदतीला येते. ‘दादा पुण्याला गेला आहे’ आणि ‘दादा पुण्याला जाऊन आला आहे’ यातला फरक पासलीतल्या शेंबड्या पोरालाही कळतो. गेला आहे म्हणजे ‘हॅज गॉन’ आणि जाऊन आला आहे म्हणजे ‘हॅज बीन’. एवढे सांगितल्यावर वर्गात पुन्हा कोणी चुकले नाही. आमचे म्हणणे असे की हा काळ आपल्याला नवा नाहीच. ‘मी जेवलो आहे’, ‘एस.टी. आली आहे’ असे आपण दिवसातून पन्नास वेळा बोलतो. या वाक्यांतला ‘आहे’ आजचा आहे. म्हणूनच व्याकरणाने त्याला भूतकाळात न घालता वर्तमानकाळात बसवले आहे. मुले मात्र त्याला भूतकाळाचा धाकटा भाऊ समजतात आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो.

आता मराठी जिथे दगा देते ती ठिकाणे पाहू. आपण म्हणतो, ‘आईने भाकऱ्या केल्या आहेत.’ भाकऱ्या पुष्कळ म्हणून ‘आहेत’. मुलगा तेच डोक्यात धरून ‘मदर हॅव मेड’ लिहितो. इंग्रजीत भाकऱ्या किती आहेत ते पाहायचे नाही, करणारी आई एकटी आहे, म्हणून ‘मदर हॅज मेड’. तसेच ‘बाबा आले आहेत’. आपण वडिलांना मानाने बोलतो, म्हणून अनेकवचन. मुलगा लिहितो ‘फादर हॅव कम’. इंग्रजीत असे आदरार्थी अनेकवचन नाही. वडील आले तरी ‘हॅज कम’, साहेब आला तरी ‘हॅज कम’ आणि झाडूवाला आला तरी ‘हॅज कम’. या एका बाबतीत इंग्रजी भाषा आम्हाला आवडते!

सर्वांत मोठा खड्डा ‘काल’ या शब्दाचा आहे. ‘मी काल अर्ज पाठवला आहे’ हे मराठीत शुद्ध आहे. त्याचे इंग्रजी करताना कचेऱ्यांतले जुने जाणते कारकूनसुद्धा ‘आय हॅव सेंट द ॲप्लिकेशन यस्टर्डे’ असे लिहितात. ते चूक आहे. काल, परवा, गेल्या महिन्यात, २०१५ साली, असा संपलेला वेळ वाक्यात सांगितला की ‘हॅव’ला तिथे जागा नाही. ‘आय सेंट द ॲप्लिकेशन यस्टर्डे’ असे साधे भूतकाळात लिहावे. वेळ सांगायची नसेल तर ‘आय हॅव सेंट द ॲप्लिकेशन’. दहावीचेही तसेच. ‘आय हॅव पास्ड एस.एस.सी.’ बरोबर, पण पुढे ‘इन २०१५’ जोडले की ‘हॅव’ काढून टाका.

हे ऐकून कोणी खजील होऊ नये. जर्मन आणि फ्रेंच भाषांतही ‘हॅव’सारखाच शब्द लावून ‘काल’ची वाक्ये करतात. त्यामुळे तिकडची शिकलेली माणसे इंग्रजी बोलताना आपल्यासारखीच अडखळतात. चूक बुद्धीची नसते, मातृभाषेच्या वळणाची असते. अमेरिकेत तर ‘आय ऑलरेडी एट’ असे ‘हॅव’शिवाय सर्रास बोलतात. आपल्या पुस्तकांचे वळण ब्रिटिश, म्हणून परीक्षेत ‘आय हॅव ऑलरेडी ईटन’ लिहिलेले बरे.

दुसरा खड्डा ‘पासून’चा. ‘मी पाच वर्षांपासून इथे राहतो’ यात मराठीत साधा वर्तमानकाळ आहे. म्हणून मुले ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असे लिहितात. एका वाक्यात दोन चुका. काम मागे सुरू झाले आणि आजही चालू आहे, तर ‘हॅव’ हवाच, म्हणजे ‘आय हॅव लिव्हड् हिअर’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर’. दुसरी चूक ‘सिन्स’ची. आपला ‘पासून’ दोन्हीकडे चालतो, २०१९ पासून आणि पाच वर्षांपासूनही. इंग्रजीत सुरुवात सांगायची तर ‘सिन्स २०१९’ आणि किती काळ ते सांगायचे तर ‘फॉर फाइव्ह इयर्स’. दाखला लिहून घेताना आणि मुलाखतीला बसताना हे वाक्य लागतेच लागते, तेव्हा ते घोटून ठेवावे.

राज्यात प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी ते पाचवीला सुरू होई. आमच्या पिढीने ए-बी-सी-डी पाचवीत गिरवली आणि ज्यांच्या घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती ते नशीबवान समजले जात. आजच्या मुलांना चार वर्षे जास्त मिळतात, पण घरी विचारणारे कोणी नसेल तर सूत्र पाठ होते आणि भाषा येत नाही. आया म्हणतात, “आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय बघणार?” माताभगिनींनो, बघता येते. मुलाने ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ लावून वाक्य केले की त्याला त्याचा मराठी अर्थ सांगायला लावा. मग एकच पाहा, काम केव्हा झाले ते त्या वाक्यातच सांगितले आहे काय? ‘काल’, ‘सकाळी सात वाजता’, ‘गेल्या वर्षी’ असे काही असेल तर ‘हॅव’ काढायला सांगा. वाक्यात तसे काही नसेल, किंवा ‘आत्ताच’, ‘अजून’, ‘कधीच’, ‘आजपर्यंत’ असे असेल तर राहू द्या. भाकऱ्या थापता थापता एवढी तपासणी होते आणि त्यासाठी एक अक्षर इंग्रजी लागत नाही.

पासलीच्या मुलांना दिलेली वाक्ये खाली देत आहोत. रविवारी घरातल्या मुलांना वहीत करायला सांगावीत. ‘एस.टी. अजून आलेली नाही.’ ‘एस.टी. सकाळी सात वाजता आली.’ ‘आजोबा मुंबईला जाऊन आले आहेत.’ ‘आजोबा १९७२ साली मुंबईला गेले.’ ‘ताई तीन वर्षांपासून नर्सिंग शिकत आहे.’ ‘मला शिष्यवृत्ती अद्याप मिळालेली नाही.’

शेवटच्या वाक्याचे उत्तर आम्हीच देतो, कारण ते वहीपेक्षा अर्जात जास्त लागते. ‘आय डिड नॉट रिसीव्ह द स्कॉलरशिप’ असे लिहिले तर ती मागेच कधीतरी मिळाली नाही आणि विषय संपला, असा अर्थ वाचणारा घेऊ शकतो. ‘आय हॅव नॉट रिसीव्हड् द स्कॉलरशिप टिल टुडे’ असे लिहावे. खाली तारीख घालावी, अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी आणि तिच्यावर पोच घ्यावी.