सुगी पावसाच्या पाण्याची

घरात दोन भाषा असल्याचा एक फायदा असतो. एखादी गोष्ट एका भाषेत उमगली नाही तर दुसरीत उमगते. छपरावरचं पाणी साठवण्याला मराठीत ‘पर्जन्यजल संधारण’ असं भारदस्त नाव आहे. कन्नडात मात्र साधं ‘मळे नीरु कोय्लु’, म्हणजे पावसाच्या पाण्याची कापणी! सुगी आणि ‘सुग्गी’ तर दोन्ही भाषांच्या घरातली. सुगीआधी कणगी रिकामी करून ठेवायची असते, हे आपल्या आज्यांना कुणी सांगावं लागत नसे. पाण्याच्या टाकीबाबत मात्र आपण नेमकं हेच विसरतो.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तासाभरात तीस मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे २८०० लिटर, म्हणजे दोनशे लिटरची चौदा पिंपं! पूर्वी त्यातलं बरंचसं परसात मुरायचं. आता परसात फरशी आली. पाणी थेट गटारीत, गटारीतून नाल्यात. बेळगावात बळ्ळारी नाला फुगला की शहापूर-वडगावच्या शिवारातलं भात पाण्याखाली जातं. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर कोण विसरेल?

बेंगळुरूत २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ठरावीक आकारापुढच्या जागांवरच्या घरांना पावसाचं पाणी साठवणं किंवा मुरवणं सक्तीचं झालं. तरी त्या शहरात सप्टेंबर २०२२ मध्ये वस्त्या बुडाल्या आणि २०२४ च्या उन्हाळ्यात टँकरसाठी रांगा लागल्या. नुसत्या नियमानं भागत नाही, हे खरं.

आपण टाकी बसवतो, ती जूनमध्ये भरते, आणि उन्हाळ्याला होईल म्हणून झाकून ठेवतो. पण भरलेली टाकी जुलैच्या मुसळधार पावसातला एक थेंबही अडवत नाही. उन्हाळ्याला टाकी भरलेली हवी, पुराला रिकामी. मग करायचं काय?

माझ्याकडच्या टाकीला दोन तोट्या आहेत. तळाची वापरासाठी. मधोमध एक बारीक नळी, पावसाळाभर उघडी, शोषखड्ड्यात सोडलेली. सर आली की वरची अर्धी टाकी भरते आणि हळूहळू रिकामी होते. खालच्या अर्ध्या पाण्यावर धुणं, फरशी, संडास भागतं, नळाचं पाणी वाचतं. सप्टेंबर सरता सरता मधली नळी बंद करायची, म्हणजे परतीच्या पावसात टाकी काठोकाठ भरते.

मैत्रिणींनो, आणखी चार गोष्टी लक्षात असू द्या. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यावं. छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यात असते. पन्हळीच्या तोंडाला जाळी हवी. झाकण घट्ट हवं आणि बाहेर जाणाऱ्या नळीलाही बारीक जाळी हवी, नाहीतर डासांचं पाळणाघर होतं. हजार लिटर पाण्याचं वजन एक टन भरतं, म्हणून जुन्या घरात टाकी गच्चीवर न चढवता पन्हळीखाली जमिनीवरच ठेवावी. आणि छपराचा पाइप ड्रेनेजला कधीही जोडू नये. जोरदार पावसात मैला उलटा घरात येतो.

एका टाकीनं काय होणार, असं कुणी म्हणेल. हजार घरांनी पाच-पाचशे लिटर अडवले तर पाच लाख लिटर पाणी ऐन सरीत नाल्याबाहेर राहतं. चार दिवसांची झड यानं थांबणार नाही, त्यासाठी नालेसफाई आणि रुंदीकरण हवंच. पण तासाभराच्या सरीत गल्ली तुंबणं नक्की कमी होईल. आपल्या गच्चीवरून वाहून गेलेलं पाणी कुणाच्या तरी रोपावर उभं राहतं, आणि ते भात पुढे आपल्याच ताटात यायचं असतं. तेव्हा येत्या मृगाआधी प्लंबरला बोलवा आणि मधली नळी बसवून घ्या.